ओली जीन्स, बंद खिडकी

जुलैमधल्या कुठल्याही शनिवारी पुण्यातल्या कुठल्याही टू-बीएचकेत शिरा. पहिलं स्वागत करतात ते टॉवेल. सोफ्याच्या पाठीवर दोन, डायनिंगच्या खुर्च्यांवर चार टी-शर्ट, बेडरूमच्या दारावर एक जीन्स (त्यामुळे ते दार चार महिने नीट लागतच नाही), खिडकीच्या ग्रिलला मोजे आणि फॅनखाली ते घडीचं स्टँड. त्या स्टँडला वळसा घालून बाथरूमकडे जाताना घरातल्या प्रत्येकाच्या पायाची करंगळी एकदा तरी शहीद झालेली असते. पाहुणे येणार म्हटलं की हा सगळा संसार उचलून बेडरूममध्ये ढकलायचा आणि दार नुसतं ओढून घ्यायचं.

आणि हो, या प्रत्येक फ्लॅटला एक ‘ड्राय बाल्कनी’ही असते. ब्रोशरमधला हा शब्द ज्या कुणी शोधून काढला, त्याला विनोदाचं एखादं बक्षीस द्यायला हवं. किचनला लागून असलेली ती चिंचोळी जागा. तिथे वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, पोछा, केराची बादली. म्हणजे घरातली सगळ्यात ओली जागा! उरलेल्या वीतभर जागेत दोन दोऱ्या. मग खरी बाल्कनी कुठे गेली? ती हॉलमध्ये ‘घेतली’. तिला स्लायडिंग लागलं, आता तिथे बीन बॅग आणि मनी प्लांट नांदतात.

तसं बघायला गेलं तर पुण्याचा पाऊस फार नाही. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या पुढेमागे, म्हणजे मुंबईच्या जेमतेम एक तृतीयांश. पण मुंबईत धो धो कोसळून तासाभराने ऊनही पडतं. आपल्याकडे मात्र रिपरिप. आठ-आठ दिवस सूर्य दांडी मारतो, आणि सूर्याने दांडी मारली की घरात कपड्यांसाठी दांडी लावावी लागते. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच पुण्यात हजर झाला. एरवी जूनचा पहिला आठवडा तरी चादरी-पडदे धुवायला मिळतो, तोही त्या वर्षी गेला.

अशा वेळी मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो पांढराशुभ्र क्लोद्स ड्रायर आपल्याकडे बघून हसतो. सेल्समन ईएमआयचं कोष्टक काढतो. एक मिनिट, आधी आपलं कोष्टक मांडू. साध्या ड्रायरला सहा किलो कपड्यांच्या एका खेपेला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तर खेपेला पस्तीस रुपये. आठवड्याला तीन खेपा म्हणजे महिन्याला चारशेवीस. (आकडाच बोलका आहे!) शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढे दर एकदम चढतो. दोघं-तिघं राहणाऱ्या फ्लॅटचं बिल नव्वद-पंच्याण्णव युनिटवर टेकलेलं असेल, तर ड्रायरचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या दरानेच मोजलं जाणार. हीट पंपवाला ड्रायर निम्म्या विजेत काम करतो, पण त्याच्या किमतीत सेकंडहँड स्कूटर येईल.

आता दुसरी बाजू. पंचाहत्तर वॉटचा साधा सीलिंग फॅन आठ तास चालवला तर ०.६ युनिट, म्हणजे सहा रुपये. बीएलडीसी फॅन असेल तर अडीच-तीन रुपयांत काम भागतं. पस्तीस विरुद्ध सहा. मॅच इथेच संपायला हवी होती.

पण संपत नाही, कारण कपडे वाळत नाहीत. रात्रभर फॅन पाचवर आणि सकाळी टी-शर्ट आंबट-ओला. वर तो कुबट वास, जो परफ्यूमने झाकला जात नाही, फक्त परफ्यूमवाला कुबट होतो. मग आठ वाजता ऑफिसची बस पकडायच्या आधी इस्त्रीने शर्ट वाळवायचा खटाटोप. चर्रर्र आवाज, वाफ, आणि एक किलोवॉटची इस्त्री अर्धा तास. वाचवलेल्या विजेतली थोडी इथेच गेली. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका हुशार. ते ओला कपडा हातात घेऊन बघतात आणि सरळ परत देतात.

तर फंडा असा आहे, की कपडे वाळतात ते उष्णतेने, हे आपण शाळेपासून गृहीत धरलंय. उन्हात ते खरंही असतं. घरात मात्र कपडे हवेने वाळतात, आणि तीसुद्धा बदलत्या हवेने. फॅन हवा फिरवतो, बदलत नाही.

चहाच्या मापात सांगते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची बेडरूम घ्या. मार्चमधल्या दुपारी, पारा पस्तीसवर आणि आर्द्रता वीस टक्के असताना, त्या खोलीतली हवा आणखी साधारण लिटरभर पाणी पोटात घेऊ शकते. जुलैच्या दुपारी, सत्तावीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला, तीच हवा जेमतेम सव्वादोनशे मिलिलिटर घेते, म्हणजे एक मोठा कप. आणि जुलैच्या रात्री तेवीस अंश, नव्वदच्या वर आर्द्रता असते तेव्हा? एक कटिंगसुद्धा भरत नाही. तुमच्या सहा किलोच्या ओल्या कपड्यांत, मशीनने चांगलं पिळल्यावरही, तीन लिटरच्या वर पाणी असतं. खिडकी बंद करून फॅन लावलात तर पहिली कटिंग तो पटकन काढून घेतो. त्यानंतर रात्रभर तो दमट हवा दमट कपड्यांवर मारत बसतो. बिल चालू, काम बंद.

म्हणून रात्री अकराला मशीन लावून साडेबाराला कपडे वाळत घालणं (आपल्यातले निम्मे लोक हेच करतात, कारण तेव्हाच घरी असतो) हा सगळ्यात वाईट मुहूर्त. त्यापेक्षा मशीनवरचं ते ‘डिले स्टार्ट’ नावाचं बटण, जे विकत घेतल्यापासून कुणी दाबलेलं नाही, ते दाबा. सकाळी सहा-साडेसहाला धुणं संपेल असं लावा आणि निघण्याआधी वाळत घाला. दुपारी अकरा ते चार ही वेळ, पाऊस असो नसो, दिवसातली त्यातल्या त्यात कोरडी असते. कपड्यांना ती मिळाली पाहिजे.

आणि खिडकी उघडी पाहिजे. एक नाही, समोरासमोरच्या दोन. पावसाळ्यात पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि पूर्वेची सताड उघडली, की हवा घरातून आरपार जाते. दुपारच्या हिशेबाने तीन-साडेतीन लिटर पाणी बाहेर न्यायला त्या खोलीतली सगळी हवा पंधरा-सोळा वेळा बदलावी लागते. ऐकायला भयंकर वाटतं, पण बरा वारा असेल तर दोन-चार तासांचं काम. समोरासमोर खिडक्याच नसतील, तर बाथरूमचा किंवा किचनचा एक्झॉस्ट फॅन लावा आणि खोलीची खिडकी उघडा. एक्झॉस्टचा चाळीस वॉटचा तो गरीब बिचारा पंखा खरं तर घरातला सर्वोत्तम ड्रायर आहे. आपण त्याला फक्त फोडणीच्या वेळी विचारतो.

पावसाचं पाणी आत येईल म्हणून खिडक्या बंद करायच्या, हे आईच्या पिढीने आपल्यात कोरलेलं आहे. खिडकीच्या कट्ट्यावर थोडं पाणी येऊ द्या. ते एका फडक्यात पुसलं जातं. कपड्यांमधून निघून भिंतीत शिरलेलं पाणी फडक्याने पुसता येत नाही.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे पिळणं. आपण मशीन घेताना लिटर, किलो आणि डिस्प्ले बघतो. स्पिनचा आकडा कुणी विचारत नाही. हवेने पाणी काढायचं तर वेळ लागतो, ड्रायरने काढायचं तर पैसे लागतात, आणि गरगर फिरवून काढायचं तर जवळजवळ फुकट. सहा किलो कपडे आठशेच्या स्पिनवर पिळले तर चार लिटरच्या आसपास पाणी उरतं, बाराशेवर सव्वातीनच्या आसपास. म्हणजे पाऊण-एक लिटर पाणी खोलीत येतच नाही, आणि त्यासाठी लागते युनिटच्या दहाव्या हिश्शाएवढी वीज. आपल्याकडची बरीचशी टॉप लोडिंग मशीन सातशेच्या आसपासच फिरतात. गंमत म्हणजे कोथरूडमधल्या काकू ज्या जुनाट सेमी-ऑटोमॅटिकला चिकटून बसलेल्या असतात (‘आमच्या ड्रायरमधून कपडे कसे कोरडे निघतात!’), त्याचा पिळायचा टब तेराशेच्या पुढे फिरतो. टब लहान असतो, दोन-दोन कपडे घालावे लागतात, पण काकू जिंकतात. टॉप लोडिंगवाल्यांनी निदान धुणं संपल्यावर पुन्हा एकदा नुसतं स्पिन लावावं. दहा मिनिटं.

कपडे वाळत घालायचीही एक रीत आहे, आणि ती आपल्या घरांमध्ये होती. वाड्यांमध्ये, कोकणातल्या घरांमध्ये माजघराच्या आढ्याजवळ आडवी दांडी टांगलेली असायची. नऊवारी लुगडं काठीच्या टोकावर घेऊन वरच्या वर दांडीवर टाकायचं, मग काठीनेच दोन्ही पदर सोडवून सरळ करायचं. सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून ही उंची, हे खरं. त्या सोवळ्या-ओवळ्यात कुणाला दूर ठेवलं जात होतं, हेही विसरायचं कारण नाही. पण वाळवण्याच्या दृष्टीने जागा अचूक होती. वर उबदार हवा, खाली चालायला मोकळी जमीन आणि कपडा पूर्ण पसरलेला. आज रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जे पुलीवालं सीलिंग स्टँड मिळतं, ती हीच दांडी आहे. काठीच्या जागी दोरी आली, एवढंच. इंग्लंडमधल्या जुन्या स्वयंपाकघरांमध्येही असंच पुलीचं स्टँड असायचं आणि तिथेही ते पुन्हा विकलं जातंय.

शर्ट दोरीवर दुमडून टाकायचे नाहीत, हँगरला लावायचे, आणि दोन हँगरमध्ये चार बोटांचं अंतर. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेला दोन बाजूंनी चिमटे लावून अशी टांगायची की कंबर उघडी राहील आणि हवा पायातून आरपार जाईल. दोरीवर मधोमध दुमडलेल्या जीन्सची शिवण तिसऱ्या दिवशीही ओली असते. अगदी उद्याच घालायचा शर्ट असेल तर तो कोरड्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा. टॉवेल पाणी पितो, शर्टचं काम निम्म्यावर येतं. (टॉवेलचं काय, असं विचारू नका.)

आता वासाबद्दल. जपानमध्येही जून-जुलैत आपल्यासारखाच चिकट पावसाळा असतो. घरातल्या घरात कपडे वाळवायला तिथे ‘हेयाबोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, त्यासाठी वेगळे डिटर्जंट मिळतात. २०१२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी या कुबट वासाचा गुन्हेगार पकडला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. तो धुण्यातून पूर्ण जात नाही, आणि कपडा जितका वेळ ओला राहील तितका वेळ त्याची पार्टी चालते. म्हणजे वास सुवासिक कंडिशनर ओतून जात नाही. कपडा लवकर वाळला तर तो येतच नाही. कंडिशनरचे पैसेही वाचवा.

वास निदान नाकाला कळतो. बुरशी कपाटामागे गुपचूप वाढते. ग्लासगोमध्ये २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात घरातल्या दमटपणाचा एक तृतीयांशापर्यंत हिस्सा वाळत घातलेल्या कपड्यांचा असू शकतो, असं दिसलं. तिथली घरं थंडीत गच्च बंद असतात, आपली तशी नाहीत, म्हणजे नव्हती. आता एसी, स्लायडिंग, डासांच्या जाळ्या आणि रस्त्याची धूळ यांच्या नावाखाली आपणही बंद करत चाललोय. दमट, बुरशी आलेल्या घरात दम्याचा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगून ठेवलंय. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर ते झोपतं त्या खोलीत कपडे नकोत. हॉलची शोभा गेली तरी चालेल.

आणि एक गोष्ट, जी वाळवण्याच्या गप्पांमध्ये कुणी काढत नाही. आपल्या बहुतेक घरांमध्ये बायकांचे आतले कपडे कुठे वाळतात? टॉवेलखाली. ओढणीखाली. बाथरूमच्या दारामागच्या खिळ्यावर, गीझरच्या पाइपवर, दोरीच्या सगळ्यात आतल्या, भिंतीकडच्या कोपऱ्यात. घरात सासरे, दीर, भाऊ; पीजीमध्ये घरमालक काका; समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळं जग. पुरुषांच्या बनियनी मात्र पहिल्या दोरीवर झेंड्यासारख्या फडकत असतात! उन्हाळ्यात हे खपून जातं. पावसाळ्यात दोन थरांखाली ठेवलेला कपडा वाळूच शकत नाही. तो दमट राहतो आणि तसाच अंगावर जातो. मग खाज, गजकर्ण, नायटा, आणि डॉक्टरकडे जायलाही तोच संकोच. त्वचेचे डॉक्टर पावसाळ्यात घसा फोडून सांगतात, की दमट कपडे घालू नका. पण ते कोरडे करायचे कुठे, हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही, घरात सुटतो. वापरायच्या कपड्याच्या पॅड्सचीही हीच गत. ज्या कपड्याला हवा सगळ्यात जास्त हवी, त्यालाच आपण सगळ्यात कमी देतो.

पीजीतल्या मुलींनी यावर एक साधा उपाय काढलेला मी बघितलाय. चिमटे लोंबणारा तो गोल हँगर, तुळशीबागेत मिळतो तो, सरळ फॅनखाली, खोलीच्या मधोमध. ‘ज्याला लाज वाटेल त्याने खोलीत यायच्या आधी दार वाजवावं.’ सही ना?

सोसायट्यांचं काय करायचं, हा वेगळाच वैताग. नव्या टॉवर्समधल्या नोटीस बोर्डांवर हमखास एक सूचना असते, ‘बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, एलिव्हेशन खराब दिसते.’ म्हणजे ऊन पडलं तरी ते वापरायचं नाही. ही कटकट फक्त आपली नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये २००८ मध्ये आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये २००९ मध्ये सरकारलाच पुढे होऊन कपड्यांच्या दोरीवरच्या अशा बंदीला चाप लावावा लागला. कारण सरळ होतं, दोरी बंद केली की लोक ड्रायर लावतात आणि वीज जाते. आपल्याकडे लोक ड्रायर न लावता कपडे आत घेतात, म्हणून बिल दिसत नाही. ते भिंतीवर दिसतं, आणि तेही बहुधा भाडेकरूच्या. पुढच्या सोसायटी मीटिंगला मुद्दा काढायचा असेल तर मधला मार्ग आहे. कठड्याच्या उंचीच्या खाली, आतल्या बाजूला स्टँड. रस्त्यावरून काहीही दिसत नाही. गच्चीच्या किल्ल्या वॉचमनकडे कुलूपबंद का असतात, हेही त्याच मीटिंगमध्ये विचारता येईल.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. घर सोडताना ‘तुम्ही आत कपडे वाळवले म्हणून भिंत गेली’ असं म्हणून डिपॉझिट कापण्याची पद्धत आहे. पण सगळी ओल कपड्यांची नसते. बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या खाली डाग असेल, मोठा पाऊस झाला की वाढत असेल, पोपडे सुटत असतील, तर ती बाहेरून झिरपणारी ओल. तिचा तुमच्या टॉवेलशी संबंध नाही. कपाटामागे, कोपऱ्यात, हवा न लागणाऱ्या जागी काळे ठिपके असतील तर मात्र कोंडलेल्या दमटपणाचा संशय घ्या. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाच्या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे जीव गेला. कुटुंब तक्रार करत होतं आणि घरमालक संस्था त्यांच्या राहणीला दोष देत होती. २०२३ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत राहायला जाण्याच्या पहिल्याच दिवशी भिंतींचे, खास करून कपाटामागचे, तारखेसह फोटो काढून घरमालकांना पाठवून ठेवा.

बोहरी आळीत जाणार असाल तर खोली आधी टेपने मोजा. पुलीचं स्टँड फुटांवर मिळतं आणि सहा फुटी स्टँड पाच फुटी पॅसेजमध्ये बसत नाही, हे दुकानदार सांगतील, पण घेतल्यावर. सीलिंगला पीओपी असेल तर ते नकोच, ओल्या चादरींचं वजन पीओपी पेलत नाही. ड्रिल करायचं असेल तर घरमालकांना आधी फोन करा. आणि जागा खिडकी आणि दार यांच्या मधली निवडा, जिथे उभं राहिल्यावर तुमच्या स्वतःच्या मानेला वारा लागतो.